रुपयामागे एक आणा

माझ्या मेसमध्ये वरण पातळ झालं की बोलायची हिंमत एकाच माणसाला होती. बाकीचे मुकाट्याने भात कालवायचे, कारण माझा, म्हणजे वहिनीचा, पारा चढला तर दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडतं, असा त्यांचा समज होता. हे गृहस्थ मात्र वाटी उचलून ट्यूबलाइटकडे धरायचे, तळ दिसतोय का ते बघायचे आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "वहिनी, आणा कुठे गेला?"

कंपनीने ओव्हरटाइम कापला, आणा कुठे गेला? एसी गार करेना, आणा कुठे गेला? माझ्या मुलीला गणितात साठपैकी एक्केचाळीस पडले, तर पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाले, "आणि उरलेले एकोणीस? आणा कुठे गेला?" ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मा, व्हॉट इज आणा?" मी म्हटलं, "अंकलच्या डोक्यातला किडा आहे तो. तू जेव."

माझी मेस दुबईत, अल क्वोजमध्ये आहे, गॅरेजं, गोदामं आणि कामगारांच्या राहायच्या इमारती यांच्या बरोबर मध्ये. नवऱ्याची जबल अलीची नोकरी गेली तेव्हा मी डबे सुरू केले. नोकरी परत मिळाली, पण तोवर चाळीस माणसं माझ्या हातच्या आमटीला लागली होती, मग बंद कशाला करायचं? तेव्हापासून मी जगाची वहिनी आहे. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी माणसंही मला वहिनीच म्हणतात. हे गृहस्थ त्यातलेच. मी त्यांना काका म्हणायची. बाकीचे तोंडावर काका आणि एरवी दिपोटी म्हणायचे.

इंग्रजांच्या राज्यात खेड्यापाड्यांतल्या शाळा तपासायला जो डेप्युटी इन्स्पेक्टर यायचा, त्याला लोक दिपोटी म्हणत. हे नाव त्यांना एका फोरमनने चिडवायला दिलं होतं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "दिपोटीला घोडा असायचा. मला निदान कंपनीचा पिकअप तरी द्या."

दिपोटी एका स्कॅफोल्डिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. साठीचे, काटक, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शिक्षण चौथी. पण त्यांच्या स्टोअरमध्ये पाइप आणि ते जोडायचे कपलर ज्या शिस्तीने मांडलेले असायचे, ती शिस्त मी शिकलेल्या माणसांच्या घरात पाहिलेली नाही. माल मोजायचा तो मराठीत. त्यांच्या हाताखालचा पेशावरचा ड्रायव्हर कपलर उतरवताना "एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस" असं खणखणीत म्हणायचा. कुठल्याही मराठी पोराला हल्ली एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांत घोटाळा होतो, त्याला होत नसे. "मास्तर नीट मिळाला की कोणीही शिकतं," एवढंच दिपोटी त्यावर म्हणायचे, आणि ते स्वतःविषयी म्हणतायत याची त्यांना मुळीच लाज वाटत नसे.

मेसमध्ये महाराष्ट्रातला नवा माणूस आला की त्याची तपासणी व्हायची. नाव नाही, पगार नाही, लग्न झालंय का तेही नाही. पहिला प्रश्न असा, "तुमच्या गावच्या शाळेची भिंत कोणी बांधली?"

"गव्हर्मेंटने," तो बिचारा सांगायचा.

"गव्हर्मेंट डोक्यावर चिरे वाहत होतं का? तू बघितलंस?"

"नाही. पण सरकारी शाळा आहे ना काका. फुकटची."

झालं. फुकट हा शब्द ऐकला की दिपोटींचा घास तिथेच थांबायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "काका, त्याला जेवू द्या, सकाळपासून साइटवर आहे," पण तोपर्यंत ते इंग्रजांच्या राज्यात पोचलेले असायचे. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

इंग्रजांनी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा बसवला. रस्ते आणि शाळा यांच्यासाठी. त्याला लोकल फंड म्हणत. आण्यातले दोन वाटे रस्त्याला, एक वाटा शाळेला. दिपोटींच्या गावात खोत होता. तो कुळांकडून सारा घ्यायचा आणि आणाही घ्यायचा. वर्षानुवर्षं लोक आणा भरत होते आणि गावात ना रस्ता होता ना शाळा. शाळा झाली ती तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, जिथे वकिलांची आणि सावकारांची मुलं शिकत होती. शेवटी गावातली चार माणसं अर्ज घेऊन साहेबाकडे गेली. साहेबाने सांगितलं, गावाने आधी इमारत बांधून द्यावी, मग मास्तर पाठवण्याचा विचार करू. म्हणजे आणा भरून झाला तो झालाच, वर इमारतही तुमचीच. मग गावाने एक पावसाळा ते दुसरा पावसाळा खाणीतून चिरे काढले. घरटी माणूस आणि बायका धरून. दिपोटींचा आजा त्या वेळी पोरगेला होता, त्यानेही वाहिले.

"फुकटची?" दिपोटी हात धुवायला उठता उठता म्हणायचे, "आम्ही ती शाळा दोनदा विकत घेतलीय."

हे सगळं त्यांना कुठून कळलं, असं मी एकदा विचारलं. तर दोन वर्षांनी मिळालेल्या रजेतले पंधरा दिवस हा माणूस जिल्ह्याच्या जुन्या दप्तरखान्यात बसून होता. मोडी वाचायला एक म्हातारा कारकून गाठला, त्याला रोज मासे नेऊन दिले, आणि कागदांच्या झेरॉक्स काढून आणल्या. "बायको काय म्हणाली?" मी विचारलं. "ती म्हणाली, इंग्रज गेले, तुम्ही कधी जाताय?" असं सांगून ते खो खो हसले. मला त्यांच्या बायकोची दया आली. पण खोटं कशाला सांगू, थोडा हेवाही वाटला. एखाद्या गोष्टीसाठी असं वेडं होणं मला कधी जमलेलं नाही. मला फक्त चिडता येतं.

आणि चिडायची संधी मला लवकरच मिळाली. एका दुपारी दिपोटी जेवायला आले ते वाटीकडे न बघताच जेवले. वरण त्या दिवशी खरंच पातळ होतं. मी जाऊन समोर बसले. त्यांनी मोबाइल पुढे केला. गावाहून पत्राचा फोटो आला होता. शाळेचा पट सहावर आला आहे, इमारत धोकादायक झाली आहे, तरी पुढच्या जूनपासून मुलांचं खाडीपलीकडच्या मोठ्या शाळेत समायोजन करण्याचं प्रस्तावित आहे. म्हणजे शाळा बंद. सरळ बंद म्हटलं तर लोक ओरडतात, म्हणून समायोजन.

"मग काय झालं काका? बस लावतील," मी म्हटलं. माझ्या मुलीने शेजारून तेच इंग्रजीत म्हटलं, "व्हाय डोन्ट दे जस्ट टेक द बस, अंकल?"

"तुझ्या बसचे किती जातात, आईला विचार," ते म्हणाले. तिच्या बसचे वर्षाला चार हजार दिरहम जातात, म्हणजे लाखाच्या घरात. फी वेगळी.

मग त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. ते चौथीत शाळेत पहिले आले होते. पाचवीची शाळा खाडीपलीकडे. पावसाळ्यात होडी बंद असायची. जूनमध्ये बाप म्हणाला, आता होडी सुरू झाली की जा. होडी सुरू झाली तेव्हा भातकापणी आली होती. भातकापणी संपली तेव्हा मामा मुंबईहून आला आणि हॉटेलात कामाला घेऊन गेला. "कोणी मला शाळेतून काढलं नाही, वहिनी. शाळा लांब होती, एवढंच झालं." आता खाडीवर पूल आहे, पण पुलाचा वळसा घालून जायचं म्हणजे आठ किलोमीटर आणि एसटी दिवसातून दोनदा. सहा मुलांपैकी किती जणांची होडी चुकणार, याचं गणित ते चौथीच्या जोरावर मांडून बसले होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

मी भावुक झाले, ही माझी चूक. दोनच दिवसांनी त्यांनी त्याचा फायदा घेतला.

सकाळी शटर वर केलं तर भिंतीवर, माझ्या ट्रेड लायसन्सच्या अगदी शेजारी, पिवळ्या चार्टपेपरवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : शाळेसाठी वर्गणी. खाली रकाने आखलेले. नाव, गाव, रक्कम. पहिल्या ओळीत स्वतः दिपोटी. त्याखाली आणखी पाच जणांची नावं. आदल्या रात्री मी लवकर घरी गेले, तेव्हा मागे हे उद्योग झाले होते. गावाकडे देवळाचा कळस असो की शाळेचं कुंपण, वर्गणीची यादी चारचौघांना दिसेल अशीच लागते. ज्याचं नाव नाही त्याला आपोआप लाज वाटावी म्हणून. पण हे गाव नाही. या देशात परवानगीशिवाय कसलीही वर्गणी गोळा करणं हा गुन्हा आहे. शाळेसाठी चालत नाही, देवळासाठी चालत नाही, कुणाच्या मयतीसाठीही चालत नाही. आणि भिंत माझी होती.

मी तो कागद टराटरा फाडला. दिपोटी जेवायला आले तेव्हा तुकडे अजून काउंटरवरच होते.

"वहिनी, हे काय?"

"काका, तुम्हाला आत टाकलं तर तुमच्यापुरतं. माझं शटर कायमचं खाली येईल. चाळीस माणसं काय खातील?"

"गावच्या शाळेला पैसे देणं गुन्हा आहे?"

"देणं नाही. इथे भिंतीवर लावून गोळा करणं गुन्हा आहे. गुपचूप तुम्ही तुमचे गावी पाठवा, कोण विचारतंय?"

"वर्गणी भिंतीवरच लागते," ते ताडकन म्हणाले. "लपवून देतात त्याला लाच म्हणतात."

आणि ताट तसंच ठेवून निघून गेले. ताटात अन्न टाकताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मीही मागून ओरडले, "एवढा पुळका आहे तर स्वतःच्या नातवाला घाला ना त्या शाळेत!" त्यांचा मुलगा विरारला असतो, नातू इंग्रजी शाळेत जातो, हे मला ठाऊक होतं. ते दारातून वळले. "सांगितलं होतं घालायला. मुलगा ऐकत नाही. म्हणून मी गप्प बसू?"

पुढचे आठ दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. फिरकले नाहीत म्हणजे काय, समोरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, खुबूसची रोटी आणि लबानची, म्हणजे ताकाची, बाटली घ्यायचे आणि माझ्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बरोबर मला दिसेल अशा फुटपाथवर बसून खायचे. कोरडा खुबूस चावताना माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. माणसं जेवता जेवता काचेतून त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. माझा जीव नुसता कातावून गेला.

नवव्या दिवशी ते आत आले, आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर होतं." मी हातातली पळी खाली ठेवली. हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"कायद्याचं बरोबर, असं नाही म्हणत मी," त्यांनी लगेच दुरुस्ती केली. "पैशाचं बरोबर. पैसे दिले की तोच जुना आणा. एकदा हातातून गेला की कुठे गेला म्हणून जन्मभर विचारत बसायचं. माझ्या आजाने पैसे दिले नाहीत. चिरे वाहिले."

त्यांच्या गावची आणि आजूबाजूच्या वाड्यांची अकरा माणसं माझ्याकडे जेवत होती. सुतार, वेल्डर, गवंडी आणि स्कॅफोल्डिंगवाले. दिपोटींनी कंपनीचं जुनं कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि प्रत्येकाची रजा कधी येते ते विचारलं. म्हणणं असं, की प्रत्येकाने आपल्या रजेतले सात दिवस शाळेच्या छपराला द्यायचे. इमारत धोकादायक आहे ना? मग ती धोकादायक ठेवायचीच नाही.

"सात दिवस? काका, दोन वर्षांनी घरी जातो मी," सुतार म्हणाला. "बायको हाणेल."

"तिला सांग, दिपोटीला हाण."

"आणि सरकारी इमारतीला हात लावला तर केस होते," दुसरा कोणी म्हणाला.

"साठ मजल्यांना परांची बांधणारी माणसं तुम्ही! वाऱ्यात लोंबकळता. आणि चार खोल्यांच्या छपराला घाबरता?" दिपोटी उभेच राहिले. "परवानगीचं पत्र मी लिहितो. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर पाऊस काही परवानगी घेऊन येत नाही."

पत्रं त्यांनी तीन लिहिली. तीनही रजिस्टरने. उत्तर एकाचंही आलं नाही. सुताराची रजा मार्चमध्ये आली. त्याने कुजलेले वासे उतरवले. त्याच्या मागून दोघे गेले, त्यांनी रिपा मारल्या. एप्रिलमध्ये गवंडी गेला. फोटो यायचे ते दिपोटी माझ्या मेसमध्ये दाखवायचे आणि चुका काढायचे. "ही कौलं बघ, रांगेत आहेत का? माझ्या स्टोअरमध्ये असा पाइप लावला असतास तर हाकललं असतं." ज्यांच्या बायकांनी फक्त हाणायचंच बाकी ठेवलं होतं, ते गडी परत आल्यावर मात्र बदलून गेलेले दिसायचे. जेवताना दिपोटींशी भांडायचे, हो, पण छपराविषयी भांडायचे. आमची बाजू सरळ आहे, त्याचीच वाकडी आहे.

एकदाच सगळं मोडायला आलं होतं. एक नवा प्लंबर आला होता, त्याच गावचा. तो म्हणाला, "काका, एवढा आटापिटा कुणासाठी? सहा पोरं. त्यातली चार नेपाळ्यांची. आपल्या गावची पोरं तर पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला जातात."

खरं होतं ते. कोकणात आंब्याच्या बागा राखायला हल्ली नेपाळी कुटुंबं असतात. बागेत खोपटं, तिथेच बिऱ्हाड, आणि मुलं गावच्या शाळेत. उरलेली दोन मुलं धनगरवाडीतली होती. सगळ्यांच्याच मनात ते होतं, पण आजवर बोललं कोणीच नव्हतं.

दिपोटी शांतपणे म्हणाले, "आणि तू कोण आहेस इथे?"

"म्हणजे?"

"तू इथे कोण? कुणाच्या गावात येऊन कुणाचे नळ जोडतोस? ते आपल्या गावात आंबे राखतात, आपण इथे पाइप राखतो. फरक काय तो सांग मला." मग माझ्याकडे हात केला. "इथे सरकारी शाळा आहेत, चांगल्या आहेत. वहिनींची मुलगी जाते का तिथे? नाही. त्या इथल्या लोकांच्या. त्यांचं राज्य, त्यांची शाळा, आपली काही तक्रार नाही. पण पोरगी शिकवायची तर वहिनी सकाळी चारला उठून चपात्या लाटतात. आणि एवढ्या पगारात तुझ्या बाळाला तू इथे आणूच शकत नाहीस. का नाही आणलंस? सांग ना सगळ्यांना."

त्या पोराने मान खाली घातली. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं आणि स्वतःसाठी जास्त वाटलं. मी इतकी वर्षं फी भरत होते, तक्रार करत होते, हप्ते पाडून घ्यायला शाळेच्या ऑफिसमध्ये हात जोडत होते, पण यात कुणाशी माझं काही नातं आहे, असं मला कधी सुचलं नव्हतं. बागेतल्या त्या नेपाळी बाईला मी ओळखत नव्हते. तरी त्या दिवसापासून तिची पोरं माझ्याही डोक्यात राहायला आली.

"आपल्या आजाने शाळा बांधली ती काय नाव बघून बांधली?" दिपोटी म्हणाले. "जो गावात राहील त्याचं पोर शिकेल. विषय खलास." प्लंबरने पुढच्या रजेचे सात दिवस स्वतःहून लिहून दिले.

हल्ली लोक मला विचारतात, दिपोटी गेल्यापासून मेस सुनी वाटत असेल ना? ते यंदाच्या थंडीत कायमचे गावी गेले. व्हिसा संपला, वय झालं. सुनी वगैरे काही वाटत नाही, शांत वाटते. वरण कसंही झालं तरी कोणी बोलत नाही, आणि त्यामुळे मला ते नीट करावं लागतं, कारण आता माझं मलाच कळतं. शाळा चालू आहे. पुढच्या जूनमध्ये असेल की नाही ते मी सांगू शकत नाही, दिपोटीही सांगू शकत नाहीत. "दर जूनला लढायचं," ते फोनवर म्हणतात, अगदी दर मेमध्ये पापड वाळत घालायचे असतात तसं. पण मला सांगायची आहे ती गेल्या जूनमधली दुपार.

इथे उन्हाळ्याचे तीन महिने भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. साडेबारा ते तीन. माणसं माझ्याकडे येऊन एसीत बसतात. इथे एक वाजला की गावात अडीच, म्हणजे शाळा भरलेली. त्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब शाळेत येणार अशी बातमी होती. छप्पर झालं होतं, त्यामुळे धोकादायक म्हणायची सोय उरली नव्हती. विनापरवानगी दुरुस्ती केल्याबद्दल साहेबांनी आधी कागद काढला होता, त्यावर दिपोटींनी आपल्या तीन पत्रांच्या पावत्या पाठवल्या, तेव्हा तो विषय थंड झाला. आता उरला होता पट. शाळा हलवायची तर पालकांची संमती हवी. साहेब संमतीपत्रांवर सह्या घ्यायला येत होते.

सुतार घरच्या अडचणीपायी बिनपगारी रजा काढून पुन्हा थोडे दिवस गावात होता. दिपोटींनी त्याला सक्त ताकीद दिली होती, "तू एक शब्द बोलायचा नाहीस. फक्त व्हिडिओ कॉल लावून फोन धरायचा." इकडे मी मोबाइल आमटीच्या पातेल्याला टेकवून उभा केला आणि चाळीस माणसं त्याच्याभोवती गोळा झाली.

पडद्यावर शाळेचा व्हरांडा होता. साहेब खुर्चीवर, गुरुजी उभे, चेहरा पडलेला, कारण त्यांची नोकरी साहेबांच्या हातात. धनगरवाडीतल्या दोघांचे बाप आधीच सह्या करून गेले होते. आता नेपाळी बाई होती. चार मुलांमधली दोन तिची, दोन तिच्या जावेची, आणि जाऊ आजारी, म्हणून चौघांचं ठरवणार तीच. तिच्या पोलक्याला चिकाचे डाग होते, बागेतून तशीच उठून आली होती.

"बस फॉर्मॅलिटी है," साहेब म्हणाले. "इधर साइन करो, नहीं तो अंगूठा लगाओ. यल्ला, जल्दी." यल्ला ते म्हणाले नाहीत, ते आमच्याकडचा फोरमन म्हणतो, पण आवाज हुबेहूब तोच होता.

"साहेब, आधी तिला वाचून दाखवा!" दिपोटी माझ्या मेसमधून ओरडले.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे कोण?"

सुताराने फोन थोडा वर केला. बोलला नाही, पठ्ठ्या.

"दुबईवाल्यांनी तिकडे बसून इथे नाक खुपसू नये," साहेब म्हणाले. "आणि मला आणखी तीन शाळा करायच्या आहेत."

बाईने पेन घेतलं होतं. कागदाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग व्हरांड्यातल्या मुलांकडे वळून आपल्या दुसरीतल्या मुलीला तिने हाक मारली, कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "पढ़."

मुलगी गणवेशात होती, पायात चप्पल नव्हती. तिने ओळीखाली बोट ठेवलं आणि वर्गात वाचतात तशा वरच्या सुरात सुरुवात केली. "मी... खाली... सही... करणार... पालक... लिहून... देतो... की..." नेट अडकलं. चित्र थांबलं. चाळीस माणसांनी एकदम शिवी दिली. पुन्हा चालू झालं तेव्हा ती "समायोजन" या शब्दापाशी होती. स, मा, यो, ज, न. तो तिने फोडून वाचला, मग जोडून वाचला, आणि मान वर करून विचारलं, "साहेब, म्हणजे काय?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. गुरुजी हळूच म्हणाले, "तुम्हाला त्या दुसऱ्या शाळेत बसवणार." इतक्या महिन्यांत त्या माणसाने काढलेला तो पहिला शब्द होता.

"पुढे वाच, बाळा," दिपोटी म्हणाले.

"माझ्या... पाल्याला... नेण्या-आणण्याची... जबाबदारी... माझी... राहील." ती थांबली. आईकडे वळली. "मम्मी, हमको खुद लेके जाना पड़ेगा. रोज."

"कितना दूर?"

"आठ किलोमीटर," मुलगी म्हणाली. कुणाला विचारावं लागलं नाही तिला.

बाईने पेन साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. "नहीं करेगी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. नुसतं नहीं करेगी.

माझ्या मेसमध्ये कोणीतरी टेबलावर थाप मारली. मी रडत होते, आणि ते पुसायलाही मला सुचत नव्हतं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी कागद परत घ्यायला हात लांब केला. मुलीचं बोट अजून ओळीवरच होतं. खाली दोन ओळी उरल्या होत्या.

"सोडू नकोस!" दिपोटींचा आवाज फाटला. "पूर्ण वाच!"

मुलीने कागद छातीशी ओढला, साहेबांकडे पाठ केली आणि पुढची ओळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली.